आमटी, ताक आणि इंग्लंडचे मतदार

इंग्लंडच्या कुठल्या गल्लीतून कोण निवडून येणार, हे त्या गल्लीतल्या लोकांच्या आधी आमच्या मामांना कळतं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. राहतात इथे आखातात, आमच्याच मोहम्मद बिन झायद सिटीत, दोन गल्ल्या सोडून. नोकरी मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंत्राटदाराकडे, सिमेंट-सळईचे अंदाज काढण्याची. इंग्लंड त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं, बारा दिवस, आणि त्यातले नऊ दिवस पाऊस म्हणून लेकीच्या घरात बसून. तेवढ्यात दारात पडणारी निवडणुकीची पत्रकं त्यांनी वाचून काढली आणि माणूस कामातून गेला.

पार्लमेंटच्या निवडणुकीला मामा हिंग लावून विचारत नाहीत. "ती कुणीही सांगेल रे. खरी निवडणूक कौन्सिलची! कचरा, खड्डे, दिवाबत्ती. आपली ग्रामपंचायतच ती, फक्त कोट घातलेली." पक्षांची नावंही ते घेत नाहीत, रंग सांगतात: लाल, निळा, पिवळा, हिरवा. त्यांच्या तक्त्यापायी दर मे महिन्यात आमच्या मुलाचे खडू गायब होतात आणि तो ओरडत सुटतो, "मामाआजोबा, दॅट्स माय ओन्ली ग्रीन!" त्यांच्या ऑफिसातल्या इंग्रज साहेबाला आपला नगरसेवक कोण हे ठाऊक नव्हतं. मामांनी ते तर सांगितलंच, वर त्याच्या गल्लीत कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते तेही सांगितलं. साहेबाने घरी फोन करून खात्री केली म्हणे, आणि तेव्हापासून तो मामांशी जरा जपूनच बोलतो.

एका शुक्रवारी जेवताना मी सहज म्हणून गेलो, "म्हणजे लालची मतं निळ्याकडे गेली." झालं! मामांनी माझं ताट पुढ्यात ओढलं. "ही आमटी लाल, हे ताक निळं. आमटी कमी झाली, बरोबर? ताक वाढलंय का? नाही! मग आमटी ताकात गेली कशी, हबीबी? आमटीवाला घरीच झोपला, मताला गेलाच नाही. झोपलेला मतदार ज्याला मोजता येतो, त्यालाच रिझल्ट वाचता येतो. खलास!" आमटी मी गार खाल्ली. हिने मात्र विचारलं, "मामा, तीस वर्षांत तुम्ही स्वतः एकदा तरी मत दिलंत का हो?" मामा ताक प्यायला लागले. इथे आपल्याला मत नाही, आणि गावच्या यादीतून त्यांचं नाव केव्हाच उडालेलं.

आणि गेल्या वर्षी त्यांची रेवाच उभी राहिली. रेवा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, उत्तर इंग्लंडातल्या एका लहानशा गावात औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. गावातली बस बंद झाली, म्हातारी गिऱ्हाइकं दुकानापर्यंत येईनाशी झाली, म्हणून बाईसाहेब तडक अपक्ष उमेदवार झाल्या. मामांनी मागच्या तीन निवडणुकांचे आकडे काढले आणि आम्हा सगळ्यांसमोर फोनवर निकाल सांगून टाकला, "तू तिसरी येणार. डिपॉझिट जप्त."

"बाबा, इथे कौन्सिलला डिपॉझिट नसतंच."

"नसतं? मग माणूस धड हरला हे कळतं कसं?"

आम्ही हसलो, रेवा हसली नाही. "मला आकडा नकोय, बाबा. नुसतं 'ये जिंकून' म्हणा ना."

मामांनी फोन मामींच्या हातात दिला. खोटा अंदाज त्यांनी कंत्राटदारासाठीही कधी काढलेला नाही, लेकीसाठी कुठून काढणार? मला त्यांचा भयंकर राग आला. त्यानंतर महिनाभर रेवा फक्त आईशी बोलली. मामा शेजारी बसून ऐकत आणि फोन ठेवला की विचारत, "प्रचाराची किती दारं झाली तिची?"

निकालाचा शुक्रवार. अर्धी सुट्टी, मामा दुपारपासून आमच्या हॉलमध्ये, समोर लॅपटॉप आणि रंगीत तक्ता. एकेका वॉर्डाचा निकाल लागत होता आणि मामांचं भाकीत बरोबर येत होतं. पहिला बरोबर, दुसरा बरोबर, सातवा बरोबर! दर वेळी माणसाचा चेहरा आणखी पडत होता. आठव्याला त्यांनी खडू खाली ठेवला आणि पुटपुटले, "देवा, एक तरी चुकू दे." रेवाच्या वॉर्डात फेरमोजणी चालू होती. मामींनी चहा आणला, तो कुणी घेतला नाही.

शेवटी फोन वाजला. मामींनी तो स्पीकरवर टाकला. "आई, आले! अकरा मतांनी!"

मामा सोफ्यावरून उठले नाहीत, उडालेच. "चुकलं! माझं साफ चुकलं!" असं ओरडत त्यांनी तक्ता टराटरा फाडला, मला मिठी मारली, मुलाला खांद्यावर घेतलं. "यल्ला, पेढे!" म्हणत स्वतःच बाहेर पळाले. मग सगळ्या गल्लीत, वॉचमनपासून कॅफेटेरियावाल्यापर्यंत, पेढा देताना एकच वाक्य: "मेरा अंदाजा गलत निकला, भाईसाब!" आपण चुकलो म्हणून एवढा मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

परत आले तेव्हा रेवा फोनवर होतीच. "बाबा, झोपलेले मतदार मोजायला विसरलात ना? मी त्यांनाच दारोदार जाऊन उठवलं."

मामा खाली बसले. फाटलेल्या तक्त्यातला तिच्या वॉर्डाचा तुकडा उचलून मांडीवर सपाट करत राहिले. मग हळूच म्हणाले, "अकरा. मला मत असतं तर बारा झाली असती गं."