गाडीवरचा पिवळा पट्टा

वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटत नाही, आणि आता तुम्हाला सगळं सांगायला बसलेय! काय करू? घोळच एवढा मोठा घातलाय की पोटात राहत नाही. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत ऐका.

डोंबिवलीला आमच्या इमारतीखाली आजोबांची लाल गाडी असते. लाल म्हणजे कागदोपत्री. ऊन खाऊन खाऊन तिचा रंग पिकलेल्या पेरूच्या गुलाबी गरासारखा झाला होता. वयाने ती माझ्याहून मोठी. बाबा तिला महिन्यातून एकदा चौकापर्यंत फिरवून आणतात, बस.

गेल्या वर्षापासून आजोबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग आमची नावं. मला ते ‘बाळ’ म्हणतात. दूधवाल्यालाही बाळच म्हणतात! फक्त गाडी तेवढी विसरले नाहीत. रोज सकाळी माझा हात धरून खाली यायचे. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर वीतभर पिवळा ओरखडा होता, त्याच्यावरून अंगठा फिरवायचे. ‘आहे,’ म्हणायचे आणि वर येऊन शांतपणे चहा प्यायचे. मग दिवस बरा जायचा.

मी बोलत नाही, पण बघते सगळं. आणि इतकं बघून मी काय ठरवलं? की बिचाऱ्यांना त्या ओरखड्याचं दुःख होतंय! जखमेवरून हात फिरवावा तसाच फिरवायचे की नाही?

मे महिन्याची सुट्टी होती. मामाचं शीळफाट्याला गॅरेज आहे. त्याच्याकडून पॉलिशचं मशीन मागून आणलं.

‘मशीन चालवणं सोपंय गं,’ मामा म्हणाला, ‘थांबायचं कुठे तेवढं बघ.’

मी मान हलवली. मान मी छान हलवते.

दुपारी आजोबा झोपले की मी खाली. गाडी धुतली, काचांच्या कडांना टेप लावली, वॉचमनकाकांच्या केबिनमधून वायर ओढली. पॅडवर कंपाउंड, म्हणजे पॉलिशची पेस्ट, घेतलं आणि मशीन हवेत धरूनच बटण दाबलं. झालं! कंपाउंड माझ्या चष्म्यावर, केसांत आणि वॉचमनकाकांच्या डब्यातल्या भातावर.

‘बेबी,’ काका भाताकडे बघत म्हणाले, ‘गाडी उधर है.’

आधी मशीन टेकवायचं, मग चालू करायचं, हे तेव्हा कळलं. थोड्या वेळाने पांढरं पॅड लालभडक झालं. मी रडतच मामाला फोन लावला. ‘जुन्या रंगाचं असंच असतं,’ तो म्हणाला, ‘वरचा मेलेला थर निघतोय. घाबरू नको.’

चार दुपारी गेल्या. खांदे भरून आले. पण पेरूच्या आतून खरा लाल रंग वर आला, आणि त्यात मला माझा चेहरा दिसला! पिवळा ओरखडा मी शेवटी ठेवला होता. तो दोन मिनिटांत गेला. खोल नव्हताच, दुसरा कसला तरी रंग नुसता चिकटलेला.

सकाळी आजोबा खाली आले. मी शाबासकीची वाट बघत बाजूला उभी. त्यांनी अंगठा टेकवला, फिरवला. पुन्हा फिरवला.

‘ही आपली नाही.’

‘आजोबा, अहो, मी...’

‘बाळ, आपली गाडी नेली कोणीतरी! ही दुसरीच ठेवून गेले. वॉचमन! झोपा काढता काय?’

‘साहेब, गाडी तीच आहे. बेबीने साफ केली.’

‘म्हणजे हीसुद्धा सामील!’

नंबर दाखवला. ‘पाटी काय, कोणीही ठोकतं!’ अर्धी इमारत गोळा झाली. चार माणसांत मला पाणी मागता येत नाही, आणि त्या दिवशी मी मधोमध उभी होते, चोर म्हणून!

त्यानंतर आजोबांनी चहाला हात लावला नाही. दिवसातून दहा वेळा खाली जायचे आणि रिकाम्या हातांनी परत यायचे. तिसऱ्या दिवशी जिन्यातच बसले. ‘ती आली तर काय सांगू तिला?’ म्हणाले, आणि रडले. मी त्यांना रडताना कधीच बघितलं नव्हतं.

‘ती’ म्हणजे आजी. मी चौथीत असताना गेली.

‘गाडी नवी होती तेव्हा,’ बाबांनी मला सांगितलं, ‘अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, रिव्हर्स घेत होते. आई मागे उभी राहून येऊ द्या, येऊ द्या, करत होती. गाडी थेट खालच्या त्या पिवळ्या खांबावर! आई हसत सुटली. अण्णांनी तो पट्टा कधी कोणाला काढू दिला नाही.’

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते चहाच्या भरलेल्या कपाकडे बघत राहिले.

रविवारी सकाळी आजोबांना खाली खुर्चीवर बसवलं. बाबा गाडीत, मी खांबापाशी. गाडी हळूहळू मागे येऊ लागली. मी नुसतीच हात हलवत होते.

‘अगं, बोल ना!’ बाबा खिडकीतून म्हणाले.

‘येऊ द्या...’ माझं मलाच ऐकू आलं नाही. मग मी डोळे मिटले. ‘येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!’

खर्रर्र!

आजोबा उठले. वाकून बघितलं, अंगठा फिरवला.

‘आहे.’

मग वळून माझ्याकडे बघितलं. कित्येक महिन्यांनी कोणाकडे तरी ओळखीने बघितलं, आणि चिडून म्हणाले, ‘सुमन, थांबा कधी म्हणायचं ते तुला कळतच नाही!’

सुमन माझं नाव नाही, आजीचं. पण बाकीचं अगदी बरोबर होतं. मामाही तेच म्हणाला होता.