कम्युनिकेशन म्हणजे फोनचं खातं

बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी घरात जाहीर केलं, मला मास कम्युनिकेशन करायचंय. बाबा जेवत होते. घास हातातच ठेवून त्यांनी विचारलं, "कम्युनिकेशन? माज्या दोस्ताच्या खात्यातलं?"

हा दोस्त आमच्या गावच्या, मासवणच्या शाळेत बाबांच्या बाकावर बसायचा. पुढे तो तारापूरच्या अणुवीज प्लांटात लागला, तिथल्या कम्युनिकेशन खात्यात. प्लांटातले फोन, वायरलेस, लाउडस्पीकर चालू ठेवायचं काम. बाबा बोईसरच्या एमआयडीसीत, कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरवर. दोघांची अक्कल सारखीच, असं बाबा स्वतःच सांगायचे. पण दोस्ताला कॉलनीत क्वार्टर मिळालं, त्याच्या पोरांना चांगली शाळा मिळाली, आणि संध्याकाळी तो इस्त्री न मोडलेल्या शर्टात घरी यायचा. आमच्या घरात एवढा मान असलेला दुसरा इंग्रजी शब्द नव्हता.

मला लगेच कळलं की बाबांची गल्लत होतेय. माझं कम्युनिकेशन म्हणजे बातम्या, जाहिराती, कॅमेरा. एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर कोर्स गेला असता, आणि मला तो कोर्स हवाच होता. मी म्हणाले, "तसलंच काहीतरी." बाबांनी घास तोंडात घातला.

कर्जासाठी आम्ही पालघरला बँकेत गेलो. बाबांनी रजा टाकली होती, दाढी केली होती. साहेबांनी मला विचारलं, कोर्स झाल्यावर नोकरीचं काय? मी तोंड उघडायच्या आत बाबांनी उत्तर दिलं. "तारापूरला लागंल. कम्युनिकेशनात." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोऱ्याने बांधलेल्या पेनाकडे पाहत मिठाची गुळणी धरून बसले. मग बाबांनी सहकर्जदार म्हणून सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत, जीभ दाताखाली धरून. साडेतीन लाख.

शिकले मी मनापासून, हे सांगितलंच पाहिजे. आळशी मुलीची गोष्ट असती तर सगळ्यांना सोपं गेलं असतं. मुंबईत तीन वर्षं राहिले, पहिल्या वर्गात पास झाले, अंधेरीला एका चॅनेलच्या ऑफिसात सहा महिने फुकट राबले. त्याला ते अनुभव म्हणत. त्यानंतर ते ज्या पगारावर ठेवायला तयार होते, त्यात खोलीचं भाडंही निघत नव्हतं, म्हणून बॅग उचलून घरी आले. पालघरमध्ये झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर एकाचं बातम्यांचं यूट्यूब चॅनेल आहे, तिथे लागले. बातमी मीच आणायची, मीच वाचायची, मीच कापून जोडायची. बातम्या नसतील तेव्हा बोईसरच्या बिल्डरांसाठी 'बुकिंग सुरू' असं वेगवेगळ्या रंगांत लिहायचं. पगार आठ हजार, तोही मालकाच्या मनात येईल तेव्हा.

हप्ता साडेपाच हजार. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मी लहानपणी नुसती पाठ केली होती. आता महिन्याच्या पाच तारखेला ती समजायची. उरलेल्या अडीच हजारांत मासवण ते पालघर रोज जाऊन येऊन, मोबाइलचं रिचार्ज भरून, कमावती मुलगी असल्याचा चेहरा करायचा. दोन महिन्यांत एकदा तरी हप्ता बाबाच भरायचे. "तारापूरची जागा निघंपर्यंत चालंल," म्हणायचे. मी हो म्हणायचे. सांगायचं ठरवून किती वेळा त्यांच्यासमोर बसले असेन, आणि भाताबद्दल बोलून उठले असेन.

एका रविवारी सकाळी बाबा दोस्ताकडे गेले होते, ते दुपारी हातात छापील कागद घेऊन आले. आई पडवीत सुकट निवडत होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "निगाली जागा. कम्युनिकेशनात. भर फारम."

मी कागद घेतला. पात्रतेच्या रकान्यापाशी पेन्सिलीने बारीक खूण केलेली होती. दोस्ताने केलेली असणार. त्या भल्या माणसाला सगळं कळलं होतं, पण ते बाबांना सांगायचं काम त्याने माझ्यावर सोडलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा हवा होता.

"बाबा, हे मला नाही भरता येणार."

"का? कम्युनिकेशनच लिवलंय ना?"

"हे फोनचं आहे. माझं ते नाही. माझं कधीच ते नव्हतं."

बाबांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मग तीन वर्सं तू शिकलीस काय?"

"लोकांपर्यंत गोष्ट कशी पोचवायची ते."

बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. बाबा चिडले असते तर मी भांडले तरी असते. ते एवढंच म्हणाले, "आनि मला कवा सांगनार व्हतीस?"

आईने सुपातून हात काढला. "अवं, तुमी त्या राजीनाम्याचं सांगा तिला."

बॉयलरची शिडी चढून त्यांचे गुडघे गेले होते. दोस्ताने चार दिवसांपूर्वी फोन करून जागा निघणार असल्याचं सांगितलं, तेव्हा बाबांनी एवढंच ऐकलं की पोरगी लागली. गुरुवारी जाऊन त्यांनी राजीनामा दिला होता. चोपन्नाव्या वर्षी. आता भात लावीन नि नदीवर गळ टाकून बसीन, असं आईला सांगून झालं होतं.

त्या दिवशी घरात कोणी आवाज चढवला नाही. जेवणं झाली. मग बाबा वही घेऊन माझ्यासमोर बसले. "अर्ज लिव. मला परत ठेवा म्हनून."

मी 'कौटुंबिक कारणास्तव' असं सुरू केलं. बाबांनी हात धरला. "कारन खरं लिव. साहेब खोटं वळखतो." मग मी खरं लिहिलं. माझ्या मुलीला नोकरी मिळणार असे मला वाटले म्हणून मी राजीनामा दिला. ती मिळणार नव्हती. पुढे मी लिहू लागले की मुलीने मला चुकीची माहिती दिली होती. तेवढं वाचून बाबांनी ती ओळ माझ्याकडून खोडून घेतली. "समज माजा व्हता. तुजं नाव नको त्याच्यात." मी लिहिलं, हा गैरसमज सर्वस्वी माझा होता. बाबांनी सही केली. बँकेत केली होती तशीच, एकेक अक्षर जोडत.

राजीनामा मंजूर झालेला होता, त्यामुळे कायमची जागा गेली ती गेलीच. पण अर्ज वाचून कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना ठेकेदाराच्या माणसांत घेतलं. बॉयलर तोच, शिडी तीच, पगार निम्मा. बाबा घरी आले ते खूश होते, हे मला सगळ्यात जड गेलं. "साहेब बोलला, अर्ज कोनी लिवला? मी बोललो, पोरीनं. तिचा कोर्सच त्याचा हाय."

आता कम्युनिकेशन म्हणजे काय, ते आमच्या घरात पक्कं झालं आहे. ठेकेदाराची माणसं माझ्याकडून अर्ज लिहून नेतात. सुट्टी मिळावी, उचल मिळावी, कापलेला दिवस परत मिळावा. यूपी-बिहारची पोरं हिंदीत सांगतात, मी मराठीत उतरवते. कोणी पैसे पुढे केलेच तर बाबा घेऊ देत नाहीत. चॅनेलच्या मालकाने जानेवारीपासून पगार दिलेला नाही, हप्ता मात्र थांबत नाही, आणि मी मुंबईला, ठाण्याला, जिथे जमेल तिथे माझी माहिती पाठवत असते. उत्तर येत नाही.

परवा बाबा पुन्हा वही घेऊन बसले. म्हणाले, रात्रपाळीत भत्ता हाय, मला कायम रात्रपाळी द्या म्हनून लिव. मी म्हटलं, बाबा, तुमचे गुडघे. ते म्हणाले, तेपन लिव, गुडघं चांगलं हायेत म्हनून.

मी लिहिलं. माझी प्रकृती उत्तम असून शिडी चढण्यास मला कोणताही त्रास नाही. साहेबांना नाही म्हणायला जागा राहू नये, इतकं चांगलं लिहिलं. सोमवारी अर्ज मंजूर झाला.