विधुराची तालीम

“मेलेल्या बाईनं केलेला चहा बरा चालतो तुम्हाला?”

नवऱ्यानं कप तोंडाला लावलेला होता. त्यानं तो खाली ठेवला नाही, वरही पाहिलं नाही. भिंतीकडे बघत एक लांब सुस्कारा सोडला आणि उरलेला चहा संपवला.

“अहो, मी काय विचारतेय? मालकांना सोमवारपर्यंत सांगायचंय. हो की नाही, एवढं एक अक्षर बोला.”

“आई, बाबा भूमिकेत आहेत,” मुलगी दात घासता घासता दारातून म्हणाली. “शनिवारी क्लासमध्ये सादरीकरण आहे. तोपर्यंत तू नाहीयेस.”

“नाहीये म्हणजे? कुठे गेलेय?”

“म्हणजे... वारलीयेस.”

“तुझा बाप डोक्यावर पडलाय,” ती म्हणाली आणि नवऱ्याचा कप उचलून विसळायला घेऊन गेली.

आज तिसरा दिवस होता. नवरा नगरपालिकेत नळजोडणीच्या अर्जांवर शिक्के मारायचा, आणि दर दोन-तीन वर्षांनी त्याला साक्षात्कार व्हायचा की आपल्यात एक कलावंत दडलेला आहे. पहिल्यांदा माउथ ऑर्गन झाला. मग कॅमेरा. मग तैलरंग; त्यातली एक होडी अजून फ्रिजच्या मागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. यंदा अभिनय. टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीनदा क्लास असायचा. शिकवणारा गृहस्थ भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर गुंडाळून फिरायचा, म्हणून ती त्याला मफलर म्हणायची. मफलरनं पहिल्या महिन्यात सगळ्यांना प्राणी दिले. नवऱ्याच्या वाट्याला मांजर आलं आणि बावन्न वर्षांचा तो माणूस आठवडाभर सोफ्याच्या पाठीवर अंग घासत होता. दुसऱ्या महिन्यात माणसं दिली. नवऱ्याला विधुर मिळाला.

“पात्र करू नका, पात्र जगा,” असं मफलरनं सांगितलं होतं. “घरी जगा, बाजारात जगा, कचेरीत जगा.” नवरा घरी जगायला लागला. कचेरीत नाही. कचेरीत साहेब होता.

तिला या प्रकारात नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं. सोमवारी संध्याकाळी तिनं नवऱ्याला एक प्रश्न विचारला, तो “बघू” म्हणाला, आणि मंगळवारी सकाळी ती वारली.

प्रश्न साधा होता. ती एकोणीस वर्षं एका डेंटल लॅबमध्ये कवळ्या करत होती. दवाखान्यांतून प्लॅस्टरचे साचे यायचे. त्यांवर मेणाच्या पट्टीत ती एकेक दात बसवायची, चिमट्यानं इकडे-तिकडे सरकवायची, लांब धरून बघायची. नव्या मुली सगळे दात फूटपट्टी लावल्यासारखे बसवायच्या. ती त्यांना सांगायची, “अगं, एखादा दात जरासा वाकडा ठेव. सगळं सरळ असलं की माणूस मनापासून हसला तरी खोटा दिसतो.” डॉक्टर चिठ्ठीवर लिहून पाठवायचे की काम त्याच बाईंना द्या. आता मालक रेल्वेनं चार तासांवरच्या गावात दुसरी लॅब काढत होते, आणि ती त्यांना तिच्या हाती द्यायची होती. वर राहायला दोन खोल्या. शनिवार-रविवार घरी. मुलगी कॉलेजला, सासूबाई अजून स्वतःच्या पायांवर फिरत्या. अडलं होतं फक्त नवऱ्याच्या “हो”पाशी. विचारायची काय गरज होती, असं तिला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चोवीस वर्षांची सवय, दुसरं काय?

त्या संध्याकाळी नवऱ्यानं स्वतः भात लावला आणि करपवला. मग टेबलावर फोटो मांडून बसला. लॅबच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो होता तो. त्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसायची.

“आज भात करपला गं,” तो फोटोला म्हणाला. “तू असतीस तर असं झालं नसतं.”

ती दोन हातांच्या अंतरावर वाढायचा डाव घेऊन उभी होती. चोवीस वर्षांत इतका मऊ “गं” तिच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्यासाठी मरावं लागतं हे आधी कळलं असतं तर तिनं विचार केला असता.

“काही म्हण, तू गेल्यापासून सुधारलाय हो,” सासूबाई करपलेला भाग ताटाच्या कडेला सारत म्हणाल्या. “काल स्वतःचं ताट धुतलं.”

“आता तुम्हीपण सुरू करा, आई.”

“मी कशाला? पण फोटोशी का होईना, बोलतोय तरी. एरवी जेवताना मोबाईलमध्ये मान घालून बसायचा.”

शुक्रवारी टेबल पुसताना तिच्या हाती त्याची वही आली. वर लिहिलं होतं, ‘पात्राची जडणघडण’. मफलरनं प्रश्न दिले होते, नवऱ्यानं वळणदार अक्षरात उत्तरं लिहिली होती.

पत्नीचा आवडता रंग? निळा, आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह.

पत्नी काय काम करत असे? दातांचं काहीतरी.

तिची उणीव सर्वांत जास्त कधी भासते? सकाळी, मोजे सापडत नाहीत तेव्हा.

याच्याखाली मफलरनं लाल शाईनं लिहिलं होतं, ‘वा! अगदी आतून आलंय!’

तिनं वही मिटली, खालचं टेबल पुसलं, वही जागेवर ठेवली. दातांचं काहीतरी. एकोणीस वर्षं.

शनिवारी ती जाणार नव्हती, पण घरच्यांना निमंत्रण होतं आणि मुलीनं हट्टच धरला. हॉलमध्ये रबराचा वास येत होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर वीस-बावीस माणसं, बहुतेक सगळी कोणाच्या तरी धाकानं आलेली. एक जाडा विमा एजंट सैनिक होऊन मेला आणि मेल्यावर खोकला. एका शिक्षिकेनं राणी होऊन रुमाल फाडला. मग नवरा उठला. समोर एक रिकामी खुर्ची ठेवली होती. मफलर म्हणाला, “ती तिथे बसलीये. जे राहून गेलं ते तिला सांगा.”

ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

नवरा खुर्चीपुढे एक पाऊल सरकला. मग म्हणाला, “तू कांदा चिरत होतीस. चिरता चिरता विचारलंस, त्या दुसऱ्या गावच्या कामाचं. हात कामात होते, पण डोळे कसे चमकत होते तुझे. मी पाहिलं होतं. पाहिलं, आणि बघू म्हणालो. सकाळचा चहा कोण देणार, एवढीच भीती होती मला. जा म्हणायला हवं होतं गं. आज म्हणतो. जा. तू जा.”

त्याचा आवाज फुटला. मागे कोणीतरी नाक ओढलं. मुलीनं तिचा हात धरला. तिनंही दुसऱ्या हातानं पर्समधला रुमाल चाचपला, ही गोष्ट ती पुढे कोणापाशी कबूल करणार नव्हती. इतक्यात नवऱ्यानं डोळ्यांवरचा हात जरासा बाजूला केला आणि फटीतून मफलरकडे पाहिलं. कसं होतंय?

मफलर जागेवरून उठला होता. “सत्य!” तो ओरडला. “याला म्हणतात सत्य!”

टाळ्या पडल्या. तिनं पर्स बंद केली.

म्हणजे ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता, डोळेसुद्धा पाहिले होते, आणि ते सगळं पाच दिवस नीट राखून ठेवलं होतं, खुर्चीला सांगायला.

घरी परतताना नवरा रस्त्यानं तरंगत होता. सादरीकरण झालं होतं, त्यामुळे ती पुन्हा जिवंत झाली होती. “कसं झालं गं?” त्यानं विचारलं. पाच दिवसांतलं तिच्याशी पहिलं वाक्य.

“जा म्हणालात, ते खरं का?”

“कुठलं?”

“खुर्चीला म्हणालात ते.”

“अगं, ते पात्र म्हणालं!” तो हसला. “लोकांना फार भिडलं, नाही?”

“आणि तुम्ही काय म्हणता?”

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला. “मी... बघू.”

घरी सासूबाई जेवणाची वाट बघत बसल्या होत्या. तिनं चपला काढल्या, आत न जाता उभ्या उभ्याच मालकांना फोन लावला, चार वाक्यं बोलली आणि ठेवला. नवरा एव्हाना सोफ्यावर बसून आईला टाळ्यांचं वर्णन सांगत होता. ती त्याचं वाक्य संपायची वाट बघत थांबली नाही.

“पुढच्या सोमवारपासून मी तिकडची लॅब बघणार आहे,” ती म्हणाली. “शनिवारी संध्याकाळी येईन, रविवारी संध्याकाळी जाईन. मोजे खालच्या खणात असतात.”