कंपनीचेच ब्रेक

२०२२ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. इरफानची लाल गाडी माझ्या गॅरेजात उभी होती आणि मागच्या सीटवर मुंबईहून मागवलेला जड खोका होता. खोक्यात मोठे ब्रेक. इरफान म्हणाला, "अण्णा, पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे. त्याच्या आत हे बसवून द्या."

मी म्हटलं, "नाय बसवणार."

इरफान रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातला. गल्फला नोकरी, वर्षातून एकदा येतो. त्याचे वडील हसनभाई जन्मभर मालाच्या बोटींवर होते, आता घरी असतात. माझी त्यांची ओळख फार जुनी. धाकटी बहीण नसरीन नर्स आहे. तिला तेव्हा नुकतीच कोल्हापूरला हॉस्पिटलात नोकरी लागली होती. इरफान परत गेला की गाडी तिची. म्हणजे सुट्टी मिळाली की आंबा घाट उतरून घरी यायचं आणि परत चढून जायचं, तेही एकटीने.

गाडी जुनी. दोन दरवाज्यांची, बुटकी, अंगाने हलकी आणि इंजिन ताकदीचं. लोक अशा गाडीला स्पोर्टी म्हणतात. अशी गाडी घेतली की कोणीतरी मित्र सांगतोच, अरे, हिला कंपनीचे ब्रेक पुरत नाहीत, मोठे टाक. इरफानलाही सांगणारा भेटला होता.

पण नुसतं ऐकून त्याने खोका मागवला नव्हता. आदल्या आठवड्यात तो नसरीनला घेऊन भाट्याच्या पुलाकडचा उतार उतरत होता. पुढे एसटी थांबली. त्याने ब्रेक दाबला, पाय पुरा दाबला, गाडी थांबेना. शेवटी गिअर खाली टाकून, हँडब्रेक ओढून गाडी एसटीच्या मागे हातभर अंतरावर थांबली. घरी गेल्यावर नसरीनने कोल्हापूरच्या एसटीचं टाइमटेबल विचारून घेतलं.

मी चौथी शिकलोय. पण ब्रेकवर माझं म्हणणं पक्कं आहे. गाडी किती जड, किती पळते, हे बघूनच कंपनी ब्रेक देते. पुढच्या चाकात लोखंडाची थाळी असते, ती डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटा घेतात ते पॅड. चिमटा घ्यायला जोर पोचवतं ते ब्रेकचं ऑइल, आणि ते ढकलतो तो मास्टर सिलिंडर. आता पुढे मोठा चिमटा लावला आणि मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला, तर पेडल खोल जातं. पुढची चाकं आधी आवळतात, मागची तशीच राहतात. ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. मोठी डिस्क चाकात मावत नाही म्हणून चाकंही बदला. एक बदललं की चार बदलायला लागतात.

हे सगळं मी इरफानला सांगितलं. तो ऐकून घेतो, चांगल्या घरचा आहे. मग म्हणाला, "अण्णा, सगळं बरोबर. मग थांबली का नाय?"

मी म्हटलं, "चावी दे."

मी एकटाच घेऊन गेलो. मला खात्री होती की पोरगा घाबरला असेल, पाय नीट पडला नसेल. पुलापलीकडे चढून वर गेलो, गाडी वळवली आणि उतरायला लागलो. मध्यावर रस्ता मोकळा बघून ब्रेक दाबला. पेडल दगडासारखं कडक. आणि गाडी आपली चाललीच आहे. मी अजून जोर दिला. माझा गुडघा दुखला, गाडीला काही नाही. दुसरा गिअर टाकला तेव्हा इंजिन ओरडलं आणि वेग मोडला. खाली पुलाच्या तोंडाशी थांबलो. समुद्राचा वारा येत होता तरी पाठ भिजली होती.

तिथे बसल्या बसल्या मनात आलं, की पोरगा बरोबर असेल तर? मी हट्टाने कंपनीचेच ब्रेक ठेवले आणि घाटात ही पोरगी एकटी असली तर? पन्नास वर्षं लोक माझ्या शब्दावर गाड्या घाटात घालतात. तो शब्द तिथे मला फार जड वाटला.

पण पेडल कडक होतं, हे डोक्यातून जाईना. उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळलं की पेडल मऊ पडतं, भाकरीच्या पिठासारखं. इथे तसं नव्हतं. जोर पोचत होता, चिमटा बसत होता, पण पकडत नव्हता. म्हणजे दोष लहान-मोठेपणाचा नाही. मधे काहीतरी होतं.

गॅरेजात येऊन चाक काढलं, पॅड बाहेर काढले. काळे, गुळगुळीत, चमकणारे. नाकाशी नेले. जळका वास, आणि त्याच्याखाली ओळखीचा दुसरा वास. खोबरेल.

खोबरेल तेल गाडीत कुठेच नसतं. मी मान वर केली. समोर बाकावर हसनभाई बसले होते, पोराबरोबर आले होते. रत्नागिरीच्या पावसात गाडी चार महिने अंगणात उभी होती, आणि पाऊस लागायच्या आधी लोखंडाला तेल लावलं नाही तर ज्याला झोप लागत नाही, असा माणूस त्या घरात एकच होता. त्यांची कोयती, विहिरीचा रहाट, फाटकाच्या बिजागऱ्या मी बघितल्या आहेत. एवढ्या खाऱ्या हवेत गंजाचा ठिपका नाही.

हसनभाई माझ्या हातातल्या पॅडकडे बघत होते. मग त्यांनी दुसरीकडे बघितलं.

मी इरफानला एवढंच म्हटलं, की पॅडला तेल लागलंय, हे गेले कामातून. कंपनीच्याच मापाचे नवीन आणायचे. तेल पॅडमध्ये मुरलं की कितीही घासा, तापल्यावर परत बाहेर येतं. डिस्क पेट्रोलने पुसून काचकागदाने घासल्या, ब्रेकचं ऑइलही नवीन भरलं. इरफानने विचारलं, तेल आलं कुठून? मी म्हटलं, बघतोय. खोटं बोललो नाही आणि खरंही सांगितलं नाही. म्हाताऱ्या माणसाला पोरासमोर उघडं करायला जीभ वळेना. पण सांगितलं नाही तर पुढच्या पावसाळ्यात परत तेच, आणि तेव्हा गाडीत नसरीन. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

गाडी तयार झाली त्या दिवशी संध्याकाळी नसरीन आली. गाडीभोवती फिरली. मग विचारलं, "अण्णा, तुमच्या नातीला दिली असती ही गाडी घाटात?"

"उद्या तू चालव, मी शेजारी बसतो," मी म्हटलं. "घाट चढू आणि उतरू. पटली नाय तर मी स्वतः खोका उघडतो."

सकाळी निघालो. नसरीन चालवायला, मी शेजारी, मागे इरफान आणि हसनभाई गुडघे छातीशी घेऊन. हसनभाईंना कोणी बोलावलं नव्हतं. आधीच येऊन बसले होते. साखरपा मागे टाकून घाटाला लागलो. घाट चढताना ब्रेकचं काही काम नसतं, तरी प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय खाली दाबला जात होता. वर आंबा गावात चहा घेतला.

चहा संपला तरी नसरीन उठेना. म्हणाली, "तेल कुठून आलं ते कळल्याशिवाय मी गाडी खाली नेणार नाय. कारण माहीत नसेल तर ते गेलं हे तरी कसं समजायचं?"

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं. मी ग्लास फिरवत बसलो. इरफान माझ्याकडे बघत होता.

हसनभाई म्हणाले, "मी लावलं."

मग सावकाश सांगितलं. डिस्कवर लाली दिसली. पोराची एवढ्या हौसेची गाडी, पोरगा परदेशात, गाडी गंजून गेली तर त्याला काय तोंड दाखवायचं? म्हणून चाकाच्या फटीतून फडका घालून तेल लावलं. पावसाळाभर, अधूनमधून. "बोटीवर हेच केलं जन्मभर," ते म्हणाले. "लोखंडाचं मला कळतं असं वाटत होतं."

इरफानचं तोंड उघडलं होतं. नसरीनने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि बापाला विचारलं, "बाबा, मागच्या चाकांना पण लावलंत?"

"नाय गो. मागे डबा बंद आहे. हात जात नव्हता."

मागे ड्रम असतात, बंद डब्यासारखे. मी ते उघडून बघितले होते, कोरडे होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नसरीन उठली. "चला."

उतरताना मी तिला एकच सांगितलं. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ज्या गिअरने चढलीस त्याच गिअरने उतर, आणि ब्रेक लागेल तेव्हा ठाम दाबून सोड. पहिल्या वळणाला तिने दाबला. गाडी लगेच आवरली. दुसऱ्याला परत. मी नाक वर करून वास घेत होतो. अर्ध्या घाटात समोरून लाकडाचा ट्रक आमच्या बाजूला आला. नसरीनने ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली, माझं कपाळ काचेकडे गेलं आणि मागून इरफानचा गुडघा माझ्या पाठीत बसला. ट्रक निघून गेला. पेडल वर आलं, कडक आणि कामाचं.

खाली आल्यावर गाडी बाजूला घेऊन मी चाकांजवळ बसलो. गरम होती, वास नव्हता. नसरीनने चावी इरफानला परत दिली नाही, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. खोका उघडलाच नाही. तो इरफानने ज्या मित्राचं ऐकलं होतं, त्याच्याकडेच पाठवला.

तर जुन्या स्पोर्टी गाडीला कंपनीचे ब्रेक पुरतात का? पुरतात. डिस्कवर गंजाची लाली येते, ती दोनदा ब्रेक दाबला की जाते. मायेने लावलेलं तेल जात नाही. मोठे ब्रेक बसवले असते तर पुढच्या पावसाळ्यात त्यांनाही तेल लागलं असतं, तेही तेवढेच सरकले असते, आणि माझ्या हातून बसवलेले म्हणून पोरीने त्यांच्यावर भरवसा ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल रंगाचा लहान डबा आणि ब्रश घेऊन हसनभाईंच्या घरी गेलो. बोटीवर लाल रंग दिलेल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत, हे त्यांनीच मला पूर्वी सांगितलं होतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या आत, चिमट्याच्या पाठीवर, फटीतून हात घातला की पहिला दिसेल असा ठिपका दिला. हसनभाई ओट्यावरून बघत होते. म्हणाले, "बाकी?"

"बाकी सगळं तुमचं. बिजागऱ्या, बॉनेटचं लॉक, डिकीची कडी, जॅक."

ते आत गेले आणि खोबरेलाची वाटी आणि फडका घेऊन आले. ड्रायव्हरच्या बाजूच्या दरवाज्यापासून आम्ही सुरुवात केली.