टिटवी मांजरीला जाते

रविवारी सकाळी आठच्या सुमारास मी कोथरूडहून पुण्याबाहेरच्या मांजरी गावाला निघाले. सत्तावन्न वर्षं पुण्यात काढली, त्यातली तीस शाळेत भूगोल शिकवला. जपानची बेटं झोपेतही सांगेन, पण मांजरी काही पाहिली नव्हती. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली न करता निरोप दिला, "टिटवीने मांजरीकडे जाऊ नये, असं साधारण मानतात."

टिटवी म्हणजे मी. हे जरा उलगडून सांगायला हवं. चार-पाच जणांनी मिळून एक गोष्ट खेळायची, असा हा खेळ असतो. एक जण सूत्रधार. तो जग सांगतो: डोंगर, किल्ले, राक्षस. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते बोलून दाखवतात. जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडले तर दिवाळी, एक पडला तर सत्यानाश. दीड वर्षापूर्वी भाचीने मला लॅपटॉपवर या खेळात जोडून दिलं. ती दोन शनिवारांत कंटाळली, मी राहिले. माझं पात्र म्हणजे टिटवी नावाची चोरटी: अंगाने चिमुकली, जिभेने तिखट.

आम्ही चौघं. निलेश सूत्रधार, मांजरीत त्याची ऊसशेती. ऋतुजा कंपनीत कामाला, खेळात तलवारबाज. फरहान आर्किटेक्चर शिकणारा, खेळात वैद्य. निलेशकडचं नेट चेहरे दाखवण्याइतकं दमदार नव्हतं, म्हणून सगळ्यांचे कॅमेरे पहिल्या दिवसापासून बंद. फक्त आवाज. त्यामुळे कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं, आणि माझं वय विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. "ए टिटवे, गप बस की जरा," असं ऋतुजा दर शनिवारी मला दरडावायची. शाळेत मी बाई, सोसायटीत काकू, नातेवाइकांत मामी. मला अरे-तुरे करणारी माणसं आता फार उरली नाहीत. शनिवारी दुपारी तीन तास ती मिळायची आणि त्यावर माझा आठवडा निघायचा.

आता गोष्टीचा शेवट आला होता. डोंगरातल्या नागाने पळवलेली गावाची घंटा परत आणायची. शेवट समोरासमोर बसून, खऱ्या फाशाने खेळू, असं निलेशने ठरवलं. मी हो म्हटलं आणि आठवडाभर आरशासमोर पस्तिशीचं दिसण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही.

स्वारगेटला बस बदलली. पाठीवर सॅक असलेला प्रत्येक मुलगा मला फरहान वाटत होता. एकाकडे तर मी इतकं टक लावून पाहिलं की त्याने उठून मला जागा दिली. हे शुभचिन्ह नव्हे, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मांजरीत उतरले आणि निलेशने पाठवलेलं लोकेशन उघडलं. ते मला नव्या इमारतींमागून, एका ओढ्यावरून थेट उसाच्या फडात घेऊन गेलं आणि "आपण पोहोचला आहात" म्हणालं. चहूबाजूंनी ऊस, पायाखाली पाचट (उसाचा वाळलेला पाला). निलेशचा फोन लागेना. मी मागे फिरून एका किराणा दुकानाशी आले आणि निलेश कुठे राहतात म्हणून विचारलं.

"आडनाव काय?" दुकानदाराने विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. हा मुलगा पावसाळ्यात शिंकतो कसा हे मला माहीत होतं. आडनाव माहीत नव्हतं. गावात सात निलेश निघाले. शेवटी मी शरम सोडून सांगितलं की ते राक्षसांचे आवाज काढतात.

"दर शनवारी वरडतो त्यो?" दुकानदाराचा चेहरा उजळला. "वरच्या मळ्यातला हाय. त्या पाण्याच्या टाकीवरनं डावीकडं जावा."

मळ्यातल्या घराच्या ओसरीवर तिघं बसली होती. मी त्यांना आवाजांवरून ओळखलं, आणि मी तोंड उघडलं तेव्हा त्यांनी मला. एक क्षण कुणीच बोललं नाही. ऑनलाइन असं झालं की आम्ही "नेट गेलं का?" म्हणतो. इथे नेट गेलं नव्हतं. मग तिघंही एकदम उठून उभी राहिली.

"काकू, या ना," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही इथे बसा, इथे वारं येतं."

निलेशने तर वाकून नमस्कारच केला. त्याच्या आईने पाणी दिलं. मी सुरळीच्या वड्यांचा डबा पुढे केला आणि वड्यांसकट बुडाल्यासारखी खुर्चीत बसले.

खेळ सुरू झाला, पण काय तो खेळ. ऋतुजा दर वेळी मला विचारून तलवार उपसत होती. फरहान माझ्या साध्या खरचटण्यावर दोनदा औषध लावून गेला. नागाची पिल्लं चालून आली तीसुद्धा माझ्याकडे न येता वळसा घालून जात होती. निलेश मला जपत होता. त्या तासात एक गोष्ट मात्र मी पाहिली, जी दीड वर्षात ऐकू आली नव्हती: आपल्या त्या धीरगंभीर आवाजात वर्णन करताना तो मांडीवरच्या वहीतून वाचत होता. तिच्यात प्रत्येक वाक्य आधी लिहून, खोडून, पुन्हा लिहिलेलं होतं. आमच्यासाठी हा मुलगा आठवडाभर एवढं राबतो, आणि त्याचा शेवट माझ्या पिकल्या केसांमुळे आळणी होणार, या विचाराने मला बसवेना.

तेवढ्यात घंटा हाती आली. ऋतुजाने ती माझ्यापुढे धरली. "काकू, तुम्ही सांभाळता का?"

मी घंटा घेतली आणि शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "टिटवी घंटा घेऊन पळून जाते. ती विकणार आहे."

ऋतुजाने पेन खाली ठेवलं. फरहान हसला, मग मी हसत नाही हे पाहून थांबला. "असं कसं?" तो म्हणाला. "दीड वर्ष आपण..."

"वैद्याला बरंच कळतं की," मी टिटवीच्या आवाजात म्हटलं. "वाटेतला दोरीचा पूल ओलांडला की मी दोर कापणार आहे."

"ए टिटवे," ऋतुजा खुर्ची मागे सारून उभी राहिली, "हात तर लाव त्या दोराला, तंगडी तोडीन तुझी."

मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पुढची पंधरा मिनिटं ओसरीवर नुसता कल्ला. तिघं पुलावर भांडत असताना खालून नाग वर आला, आणि निलेशने वही मिटून ठेवली. तो आता न वाचता बोलत होता. नागाने ऋतुजाला वेढा घातला. मी घंटा फरहानकडे फेकली, तिच्या आवाजाने नाग वळला, आणि टिटवीने त्याच्या डोळ्यावर उडी घेतली.

"टाक फासा," निलेश म्हणाला. तोही आता तू म्हणत होता.

लॅपटॉपवर बटण दाबलं की आकडा येतो. इथे फासा माझ्या हातातून सुटला, टेबलावरून उडाला आणि धान्याच्या कोठीखाली गेला. आम्ही चौघंही पालथी पडलो. फरहानने मोबाइलचा उजेड पाडला. निलेशची आईही पदर खोचून वाकली. "एक हाय," तिने जाहीर केलं. "चांगलं का वाईट?"

ऋतुजाने जमिनीवर पडल्या पडल्याच माझा दंड घट्ट धरला. "मेलीस की गं," ती म्हणाली.

टिटवी पुलावरून खाली पडली, आणि फरहानने घंटा गावात पोहोचवली. ती वाजल्याचं निलेशने सांगितलं आणि गोष्ट संपली. मग त्याच्या आईने आम्हाला जेवायला बसवलं. मासवडी (नावावर जाऊ नका, बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचं सारण), काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. मेलेल्या माणसाला आधी वाढतात म्हणून माझं ताट पहिलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. ऋतुजा माझ्या ताटातला कांदा न विचारता उचलत होती.

संध्याकाळी तिने मला स्कूटरवरून स्वारगेटला सोडलं. कोथरूडच्या बसमध्ये खिडकी मिळाली. घरी लॅपटॉपसमोर टिटवी मेली असती, तर मी तो मिटून कुकर लावायला गेले असते. शोक एकटीने, शिट्ट्या मोजत. पण त्या बंद कॅमेऱ्यांनीच मला दीड वर्ष वय नसलेली करून ठेवलं होतं, हेही खरं. मांजरीत वय परत मिळालं, आणि ते बरोबर घेऊनही अगं-तुगं कमावता आलं. मला कधी हसू येत होतं, कधी रडू, आणि बहुधा दोन्ही दिसत होतं, कारण शेजारच्या बाईंनी न राहवून विचारलं, "बऱ्या आहात ना आपण?"

मी त्यांना खरं ते सांगितलं, की दुपारी मी पुलावरून पडून मेले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. "जेवलात का त्यानंतर?"

"तीन भाकऱ्या," मी म्हटलं.

"मग काही नाही होत," त्या म्हणाल्या, आणि पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासाठी जरा सरकून बसल्या.