शत्रूच्या अकलेचे गुण

आयुष्यभर लोणावळ्यात इतिहास शिकवला, पण शत्रूचा पुढारी शहाणा की मूर्ख याचे गुण मला निवृत्तीनंतर द्यावे लागले. सीमेवर तोफा धडधडत होत्या आणि नवलाख उंबरे गावातल्या उत्सव मंडळाच्या अंगात आलं होतं. खुली वक्तृत्व स्पर्धा, विषय 'शत्रूचा नेता: शहाणा की मूर्ख?' आणि परीक्षक मी एकटी.

नऊ जण बोलले. नऊही जणांनी त्या माणसाला वेड्यात काढलं. कुणी त्याची गाढवावरून धिंड काढली, कुणी थेट येरवड्याला पाठवलं. मांडव टाळ्यांनी दणाणला. मीही हसले. खोटं कशाला बोलू, घरी टीव्हीसमोर 'येडपट मेला' म्हणून मीही त्याला रोज शिव्या घालत होते.

दहावी आली ती कंपनीतून परस्पर, अंगावर निळा गणवेश तसाच. तिचा नवरा फौजेत, त्याच सीमेवर. हातात कागद नव्हता.

"समदी म्हनत्यात त्यो येडा हाय," ती म्हणाली. "मंग हसता कशापायी? येड्याच्या हातात कोयता दिसला तर आपन लेकरं घरात घेतो. माझा मानूस त्याच्या फुडं हुबा हाय. मी रोज देवाला म्हनते, त्याला अक्कल दे. शाना असंल तर कुटं थांबायचं ते कळंल त्याला. आन् आपल्या लोकास्नीबी दे. लय न्हाई, तेवडीच."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "बसा खाली!"

"मला पाच मिन्टं दिल्यात," ती म्हणाली. "अजून दोन ऱ्हायलीत." आणि ती दोन मिनिटं ती नुसती उभी राहिली, समोर बघत.

मी तिला पहिला नंबर दिला. अध्यक्ष माझ्या कानाशी लागले. "बाई, जरा बघा की. शत्रूसाठी देवाकडं अक्कल मागती ती. लोकं काय म्हनतील?"

माझं डोकंच फिरलं. "मग लोकांनाच परीक्षक नेमायचं होतं," मी म्हणाले. "बड्या घरच्या पोरांचे गुण मी कधी वाढवले नाहीत. आता म्हातारपणी हिचे कमी करू?" आणि माइक ओढून निकाल सांगून टाकला. अर्धा मांडव उठून गेला. गेला तर गेला!

तिने मात्र बक्षिसाची ढाल घेतली नाही. "बाई, तुमच्यापाशी ठिवा. त्यो शाना निघाला, मंग द्या."

तोफा थांबल्याची बातमी आली त्या दुपारी मी ढाल पिशवीत घालून तिच्या दारात गेले. ती पायरीवर बसली होती, मोबाइल दोन्ही हातांत धरून.

"फोन आला त्याचा?"

"अजून न्हाई."

मी पिशवी उघडली नाही. तिच्या शेजारी बसकण मारली आणि म्हटलं, "चहा टाक. त्याचा आवाज ऐकल्याशिवाय मी इथून हलत नाही."