दर्शन झालं, आता परत या

"ताई, दर्शन झालं ना त्यायचं? मंग उद्याचं तिकीट करून द्या."

फोनवर आर्वीचा नितीन होता. मी राजस्थानात, वाळवंटाच्या कडेला एका डोंगरावर असलेल्या हॉटेलच्या आवाराच्या टोकाला उभी होते, हातात चहाचा कप घेऊन. नितीनचे आईवडील, म्हणजे माझे गिऱ्हाईक, याच हॉटेलात उतरले होते. चार रात्रींचं बुकिंग. त्यातली एक रात्र झाली होती.

"नितीन, अजून तीन दिवस आहेत रे."

"हाव, पण ओटी तर कालच भरली ना आईनं? आता काय देवीपाशी बसून राह्यतात का? इकडं रविवारी पाहुणे येऊन राह्यले, मुलीकडचे. लहान्यासाठी. घर पाह्याले येतो म्हणतात. आई नाई तर कसं होईन?"

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. आमच्या धंद्यात "बघते" या शब्दावर फार गोष्टी चालतात. पण त्या दिवशी बघायचं काय, तेच कळेना. कारण चूक नितीनची नव्हतीच. दर्शनाला गेलेला माणूस दर्शन झालं की परत येतो. सरळ हिशेब आहे.

वर्ध्यात माझं ट्रॅव्हल्सचं ऑफिस आहे. वीसेक वर्षं झाली. वसंतकाका, म्हणजे नितीनचे वडील, आर्वीचे कापडवाले. आर्वीतसुद्धा तिकिटं काढणारे आहेत, तरी हा माणूस एसटीत बसून वर्ध्याला माझ्याकडे आला आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाला, "गावात बोभाटा नको म्हणून तुमच्याकडं आलो." मला वाटलं, बाई गं, काय भानगड आहे!

भानगड अशी की त्यांना बायकोला फिरायला न्यायचं होतं.

"कुठे जायचंय, काका?"

"ते तुम्ही सांगा." मग म्हणाले, "तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं नागपूरले. मोतीबिंदू. दवाखान्यात ठेवलं होतं. परत येताना गाडीत काय म्हणते माहीत आहे? 'लय बरं वाटलं जी, आयतं ताट येत होतं समोर.' ताई, डोळा कापला तिचा, अन् तिले बरं वाटलं! मले असं ठिकाण पायजे जिथं काई न कापता तिले आयतं ताट भेटन."

मी रोज माणसं पाठवते. हनिमूनवाले, एलटीसीवाले, बर्फ पाहिजे, समुद्र पाहिजे, स्वस्त पाहिजे. असं मागणं माझ्याकडे कोणी केलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकू लागले.

त्यांच्या बायकोचं, कमलकाकूंचं घर मोठं. दोन मुलं, मोठ्याची बायको, नातवंडं, काकांची थोरली बहीण, जिला अख्खं घर आत्या म्हणतं, आणि दुकानातल्या माणसांचा दोन वेळचा चहा. सगळं काकूंच्या चुलीवर. बाहेर जाणं म्हणजे माहेरी समुद्रपूरला, नाहीतर कोणाच्या लग्नाला. तिथेही हात पिठातच.

मी त्यांना हे हॉटेल सुचवलं. फुल बोर्ड. म्हणजे नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण खोलीच्या भाड्यातच येतं. काही सांगायचं नाही, काही मागवायचं नाही. काकांना ते 'फुल बोर्ड' इतकं आवडलं की दोनदा म्हणून पाहिलं. मग एकदम चेहरा पडला.

"पण घरी काय सांगावं? या वयात दोघंच नुसते फिराले चालले म्हणलं तर आत्या काय म्हणन? सुनबाई काय म्हणन?"

नकाशात त्या हॉटेलच्या शेजारच्या टेकडीवर देवीचं एक छोटं देऊळ दिसत होतं. काकांनीच बोट ठेवलं. "झालं! हिचा नवस होता म्हणतो."

आणि खरंच झालं. घरात कोणी हूं का चूं केलं नाही. उलट गल्लीतल्या बायकांनी आपापल्या ओट्या काकूंजवळ दिल्या. एक अख्खी बॅग नुसत्या नारळांची. नागपूरच्या विमानतळावर ती मशीनमधून गेली तेव्हा तिथल्या पोरीने पडद्याकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि हात जोडले. नितीनने एकच अट घातली, दोघांनी एकटं जायचं नाही. म्हणून मी सोबत. तसंही मला साइट इन्स्पेक्शन करायचंच होतं. म्हणजे गिऱ्हाईक पाठवण्याआधी एजंटनं हॉटेल स्वतः पाहून घ्यायचं, गाद्या दाबायच्या, नळ सोडायचे, जेवण चाखायचं.

विमान बदलून, मग गाडीनं, दुपारी पोचलो. शेवटचं वळण घेऊन गाडी वर चढली.

काय सांगू! मी डोंगर पाहिलेत, वाळवंट पाहिलंय. पण हा डोंगर नुसता दगड होता. तांबडा, उघडा, अंगावर एक झुडूप नाही. आणि त्याच्या पायथ्यापासून जी वाळू सुरू होत होती ती थेट आभाळाला लागेपर्यंत. मधे काही म्हणजे काही नाही. आपल्या वर्ध्याकडं नजर टाकली की कुठे तरी अडतेच. कपाशी असते, तुरीचा धुरा-बांध असतो, बाभळी असतात, टॉवर तरी असतो. इथे नजर जी सुटली ती परत यायचं नावच घेईना. ड्रायव्हरनं सामान उतरवलं, मॅनेजर शेखावतजी हार घेऊन आले, तरी आम्ही आपले तिथेच उभे.

संध्याकाळी आधी देवीचं आटोपलं. काकांचं म्हणणं, निदान तेवढं तरी खरं असावं. काकूंनी सगळ्या गल्लीच्या ओट्या भरल्या, देवळाच्या पायरीवरून फोटो घरच्या ग्रुपवर गेला. तिथंच आम्ही फसलो, पण ते तेव्हा कळलं नाही.

सुट्टी घेणं हेही शिकावं लागतं, हे मी वीस वर्षांत पाहिलंय. काकूंनी सकाळी हाऊसकीपिंगच्या माणसाच्या आधी उठून पलंग आवरला, तो बिचारा चादर घेऊन दारात उभा. काका लॉबीत बसले, तेही काउंटरजवळ, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "या, बसा" म्हणू लागले. नाश्त्याचं ताट समोर आलं तर काकू उठून उभ्या.

"काकू, बसा ना."

"अव माय, त्यायनं खाल्लं का? वाढणाऱ्यायनं?"

"ते नंतर खातील. त्यांचं कामच आहे ते."

बसल्या. पहिला घास घेतला. मग ताटाकडे पाहत बसल्या. दुसरा घास फार हळू घेतला. काका समोरच होते. त्यांनी मान खाली घातली आणि पराठा खाऊ लागले, पण डोळे भरले होते त्यांचे. माझेही भरले, कशाला खोटं बोलू.

नाश्ता झाल्यावर काकू गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. ऊन नुकतं डोंगरावर आलं होतं. दगड आधी जांभळा होता तो बघता बघता तांबडा झाला, आणि वाळूवर डोंगराची लांबच लांब सावली पडली. शेखावतजी जवळ होते. काकूंनी त्यांना विचारलं, "भैय्या, ये किसका वावर है?"

त्यांना वावर कळलं नाही. मी सांगितलं, खेत. ते हसले. "किसी का नहीं, माताजी. कुछ नहीं होता यहाँ."

"कोणाचंच नाई?" काकू माझ्याकडे वळल्या. डोळे मोठे झालेले, एक तर नवाच डोळा. "पाह्य वं ताई. इतकी जमीन, अन् कोणी काई पेरलं नाई. निंदाले नाई, वेचाले नाई, राखाले नाई. कोणी तिले काई मागतच नाई. नुसती पडून आहे. अन् किती सुंदर दिसून राह्यली!"

समुद्रपूरकडच्या शेतकऱ्याची लेक ती. मी अशी ठिकाणं विकते. माहितीपत्रकात 'अथांग', 'विलोभनीय' असलं काय काय छापते. पण त्या जागेत काय आहे ते मला त्या बाईनं दाखवलं. मी तिथून खाली चहा घ्यायला आले, आणि तेव्हाच नितीनचा तो फोन.

आता निरोप दाबून ठेवता येत नाही. गिऱ्हाइकाच्या घरचा निरोप गिऱ्हाइकाला पोचवायचाच, हा आमचा नियम आहे. काका लॉबीत होते. मी सांगितलं. त्यांचा चेहरा दुकानाचं शटर ओढावं तसा मिटला.

"जा लागते मंग."

"काका, मी सांगते ना, फ्लाइट फुल आहे म्हणून."

"नको. एक खोटं बोललो तेच पचून नाई राह्यलं." गुडघ्यावर हात टेकून उठले. "दर्शन तर झालंच. थांबाले कारण काय आपल्यापाशी?"

आम्ही वर खोलीत गेलो. काकांनी दारातूनच सांगितलं, "रविवारी पाहुणे येऊन राह्यले. लहान्यासाठी."

काकूंनी एकच विचारलं, "किती जणं?"

बस्स. मग बॅग उघडली आणि कपाटातल्या साड्या काढून घड्या घालून आत ठेवायला लागल्या. तोंडानं चालूच, "पोहे आहेत घरी, खोबरं किसा लागन, नितीनले म्हणा शेव ताजी आणजो, मागच्या खेपेसारखी खौट नको." चेहऱ्यावर राग नाही, नाराजी नाही, काही नाही. तेच मला सहन होईना. रागाचा एखादा शब्द तरी बोल गं बाई! शेवटची साडी बॅगेत गेली. मग त्यांनी टॉवेल घेतला आणि टेबल पुसायला लागल्या.

"आता हे काय करून राह्यली वं?" काका म्हणाले.

"जाताना खोली घाण ठेवू नये."

टेबल झालं, मग आरसा. काका माझ्याकडे वळले. "ताई, लावा फोन त्या नितीनले."

खोलीत रेंज नव्हती. रेंज फक्त खाली आवाराच्या टोकाला, कड्याशी, एका चबुतऱ्यावर यायची, तीही तुटक. काका खाली गेले, चबुतऱ्यावर चढले. मी फोन लावून दिला.

"हॅलो! नितीन! आम्ही नाई येत!" तिकडून काही तरी. "नाई येत म्हणलं! ... हाव, दर्शन झालं! ... काऊन म्हणजे? अरे, आम्ही दर्शनाले आलोच नव्हतो!"

समोरचा कातळ प्रत्येक वाक्य परत देत होता. आलोच नव्हतो. काकांना त्याचं भान नव्हतं. तिकडे ऐकू जात नव्हतं म्हणून ते आणखी मोठ्यानं ओरडले.

"नवस-बिवस काई नव्हता! मी तुझ्या मायले फिराले आणलं! ... फिराले! ... फिराले रे! मले आणायचं होतं तिले, म्हणून आणलं!"

फिराले, फिराले, करत तो आवाज वाळूवर गेला. माळी झारी धरून उभा राहिला. शेखावतजी बाहेर आले. चहा पीत बसलेल्या एका गोऱ्या जोडप्यानं कप खाली ठेवले. आणि वर बाल्कनीत कमलकाकू, हातात टॉवेल, एकदम स्तब्ध. जन्मभर ज्या माणसानं बायकोचं नाव चारचौघांत घेतलं नसेल, तो डोंगरावर उभा राहून सगळ्या वाळवंटाला हे सांगत होता. इतकी वर्षं या धंद्यात आहे, इतकं थोर काही मी कुठल्याही पॉइंटवर पाहिलं नाही.

"आत्याले काय सांगू? आत्याले हेच सांग! अन् पाहुण्यायले बुधवारी बोलाव. रविवारीच येतो म्हणले तर पोहे तू करजो!"

फोन बंद करून काका वर आले. लालबुंद, धापा टाकत. काकूंकडे बघायची हिंमत नाही.

"इतकं वरडाले काय झालतं जी?" काकू म्हणाल्या. "सारं हॉटेल ऐकून राह्यलं होतं."

"रेंज नव्हती."

"हाव. रेंज नव्हती." आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

बसल्या त्या बसल्याच. बॅग पलंगावर तशीच पडली होती. काकू उठतील म्हणून मी वाट पाहिली. उठल्या नाहीत. मग काकाच पुढे झाले. त्यांनी एक साडी उचलली आणि मनगटाच्या एका झटक्यात उलगडून पलंगावर पसरली, पदर वर, काठ समोर. आर्वीतल्या झाडून सगळ्या बायांपुढे जशी पसरत आले तशीच.

"बोला. आज कोणती?"

काकूंनी पाय वर घेतले, मांडी घातली. जरा विचार केला.

"ही नको. दुसरी दाखवा."

मी हळूच दार ओढून घेतलं आणि गाद्या दाबायला दुसऱ्या मजल्यावर गेले.

पुढचे तिन्ही दिवस ते दोघं डोंगरावर होते. जेवायच्या वेळी तेवढे दिसायचे. पाहुणे बुधवारी आले. सोयरीक जमली नाही. मुलीला पुण्याचा मुलगा हवा होता. आत्या अजूनही म्हणतात की देवीच्या नावानं खोटं बोललं म्हणून जमलं नाही. काकू म्हणतात, असन बाप्पा.

आता माझ्या ऑफिसात जोडपं आलं की मी कुठे जायचं ते नंतर विचारते. आधी विचारते, घरी काय सांगून निघणार? देवाचं नाव घेतलं की तिथल्या तिथे बजावते. देवाच्या नावानं सुट्टी लगेच मिळते, पण ती दर्शनापुरतीच असते. चार दिवस हवे असतील तर खरं कारण सांगून निघा. बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे.